ओकायामाजवळचं किबित्सु जिंजा: जायचं कसं, नमस्काराची रीत आणि वाजणाऱ्या हंड्याचा विधी

सिंहगडरोड_सकाळ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात आईबाबांना घेऊन जपानला जायचं आहे. क्योतो, मग ओकायामात दोन रात्री, पुढे हिरोशिमा. ओकायामा मुद्दाम घेतलं आहे, कारण आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय ती तिथं आहे आणि बाबांना मूळ बाग बघायची आहे. दुसऱ्या दिवशीची सकाळ शहराबाहेरच्या किबित्सु जिंजासाठी ठेवली आहे (जिंजा म्हणजे शिंतो या जपानच्या जुन्या धर्माचं देऊळ). आईचं म्हणणं, देवळात जायचं तर नुसतं बघून परत यायचं नाही, तिथल्या रीतीनं नमस्कार करायचा आणि कळत-नकळत कुणाचा अनादर होऊ द्यायचा नाही.

विचारायचं ते असं. ओकायामाहून कसं जायचं? चपला-बूट कुठे काढायचे? नारळ, हार, फुलं नेता येतात का? हात धुण्याची आणि टाळ्या वाजवण्याची नेमकी रीत काय? तिथं एक हंडा वाजतो आणि त्यावरून शकुन पाहतात असं वाचलं. तो विधी बाहेरच्या माणसाला करता येतो का? बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत? आणि दोघंही शाकाहारी. एवढ्याची कुणी नेमकी माहिती दिली तर फार बरं होईल.

---

लकडीपूल यांचा प्रतिसाद:

आधी सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. त्या भागात जवळजवळ एकाच नावाची दोन देवळं आहेत: किबित्सु जिंजा आणि किबित्सुहिको जिंजा. दोन्ही एकाच डोंगराच्या पायथ्याशी, दोन्हीकडे देव एकच, पण देवळं वेगळी आणि स्टेशनंही वेगळी. नकाशावर घाईघाईनं नाव टाकलं की भलत्याच ठिकाणी पोचायला होतं. जुन्या काळी किबी प्रांताचे तुकडे झाले तेव्हा बिझेनचं मुख्य देवस्थान किबित्सुहिको ठरलं आणि बिच्चूचं किबित्सु. हंडा आणि लांब लाकडी मार्गिका, दोन्ही किबित्सु जिंजात.

ओकायामा स्टेशनवरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, किबी लाइनची गाडी घ्या. फलकांवर हिचं नाव मोमोतारो लाइन असंही असतं. सोजाच्या दिशेनं जाणारी गाडी हवी. स्टेशनं मोजा: बिझेन-मिकादो, दायआंजी, बिझेन-इचिनोमिया, आणि चौथं किबित्सु. तिसऱ्यावर उतरलात तर किबित्सुहिकोला पोचाल. प्रवास वीस मिनिटांच्या आतबाहेर. जेआर पास चालतो. गाड्या तासाला एखाद-दुसरी, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या फलकावर बघून फोटो काढून ठेवा. ही एक-दोन डब्यांची डिझेल गाडी असते आणि छोट्या स्टेशनांवर कित्येकदा फक्त पुढचं दार उघडतं. तिथं चालकच तिकीट किंवा पास बघतो. मागच्या दारापाशी उभे राहिलात तर स्टेशन सुटेल. एक स्टेशन आधीच पुढे सरका.

स्टेशनपासून देऊळ पायी दहा मिनिटं. वाट सपाट आहे, शेवटचा भाग दुतर्फा पाईन वृक्षांचा. पायथ्याशी एक मोठा दगड दिसेल, त्याचं नाव याओकी-इवा, म्हणजे बाण ठेवायचा दगड. त्याच्या शेजारून दगडी पायऱ्या सुरू होतात, त्या उभ्या आहेत. वाटेत उत्तरेचा द्वारपालांचा दरवाजा लागतो, मग पुन्हा पायऱ्या आणि थेट प्रार्थनागृह. गुडघे दुखत असतील तर दरवाजापाशी थांबून दम घ्या, कठड्याची बाजू धरा, उतरताना तर नक्कीच.

पायथ्याजवळ एक पुतळाही आहे, तो इनुकाई त्सुयोशी यांचा. ते याच परिसरातले. पंतप्रधान असताना १५ मे १९३२ रोजी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली.

नोव्हेंबरच्या मध्यात तिथं संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो आणि देवळातल्या नोंदणीच्या खिडक्याही साधारण त्याच सुमारास किंवा आधी बंद होतात. सकाळीच जा.

---

निहोंगो_कोथरूड यांचा प्रतिसाद:

नमस्काराची रीत क्रमानं देते. आईंना कारणंही सांगा, म्हणजे पाठ करावं लागणार नाही.

तोरीई, म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेलं प्रवेशद्वार, ही देवाच्या हद्दीची खूण. तिच्यापाशी थांबून टोपी काढायची, किंचित वाकायचं आणि आत पाऊल टाकायचं. वाटेच्या मधोमध चालायचं नाही, मधला पट्टा देवाचा मानतात. डावी किंवा उजवी कड धरा. बाहेर पडताना तोरीई ओलांडून मागे वळायचं आणि पुन्हा एकदा वाकायचं. हे बहुतेक प्रवासी विसरतात.

मग हात धुण्याची जागा, तेमिझुया. इथे स्वच्छतेपेक्षा शुद्धी महत्त्वाची, आपण देवळात शिरताना पाय धुतो तसंच. उजव्या हातानं पळी घ्या, एकदाच भरा आणि सगळं त्या एका पळीत भागवा. आधी डाव्या हातावर पाणी. पळी डाव्या हातात घेऊन उजव्यावर. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी, त्यानं तोंड खळखळायचं. मग त्याच डाव्या हातावर पुन्हा पाणी, कारण तो तोंडाला लागला. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्याला धुतलेला दांडा मिळतो. पळी पालथी ठेवायची. तीन चुका टाळा: पळी ओठांना लावणं, चूळ हौदात टाकणं (खाली खडीत किंवा पन्हाळीत टाकतात, तोंडावर हात धरून), आणि हातावरचं वापरलेलं पाणी हौदात पडू देणं. पाणी प्यायचं नाही. कोविडनंतर बऱ्याच देवळांनी पळ्या काढून टाकल्या आणि बांबूच्या नळीतून वाहतं पाणी ठेवलं. तसं असेल तर नुसते हात धुवा, तोंड धुतलं नाही तरी चालतं. रुमाल खिशात हवाच, पुसायला काही ठेवलेलं नसतं.

पुढे प्रार्थनागृहासमोर दानपेटी. नाणं हळूच सरकवायचं, लांबून फेकायचं नाही. पाच येन चांगले मानतात, कारण पाच येन म्हणजे 'गोएन' आणि 'गोएन' म्हणजेच ऋणानुबंध, उच्चार एकच. पाचचं नाणं पितळी, मधे भोक असलेलं आणि त्यावर इंग्रजी आकडा नसतो, फक्त जपानी अक्षरं. भोक असलेलं पांढरं नाणं पन्नासचं. क्योतोपासूनच सुट्ट्यांतले पितळी वेगळे काढत जा.

घंटा असेल तर नाणं टाकून झाल्यावर दोर हलवून वाजवायची. मग दोनदा खोल वाकायचं, कंबरेतून, पाठ सरळ ठेवून. हात छातीसमोर जुळवायचे, उजवा तळवा बोटाच्या एका पेराएवढा खाली सरकवायचा आणि दोन टाळ्या. पुन्हा बोटं जुळवून मनातल्या मनात आपलं नाव, गाव आणि आभार. पुण्याहून आलोय, हेही सांगायचं! मागणं त्यानंतर. शेवटी एकदा वाकायचं. दोन-दोन-एक, एवढं लक्षात ठेवलं की झालं. उजवा हात का सरकवायचा याची बरीच स्पष्टीकरणं ऐकायला मिळतात. व्यवहारातला फायदा एवढाच की टाळी खणखणीत वाजते.

बाबांना कंबरेतून वाकणं जमत नसेल तर जमेल तेवढं वाकावं, त्यात कुणाला काही वाटत नाही.

बौद्ध मंदिरात मात्र टाळ्या वाजवायच्या नाहीत, तिथे नुसते हात जोडायचे. क्योतोत दोन्ही प्रकारची देवळं एकमेकांना लागून आहेत, तिथे ही गफलत हमखास होते.

---

शनवारकर यांचा प्रतिसाद:

वरचं उत्तर उत्तम आहे. त्यात भर म्हणून आपल्या सवयींतून होणाऱ्या चुका.

चपला-बूट प्रार्थनागृहासमोर काढायचे नाहीत. कसब्याच्या गणपतीला किंवा चतुःशृंगीला जाणाऱ्याला हे पचत नाही, आणि बरेच भारतीय दानपेटीसमोर बूट काढून वाट अडवून उभे राहतात. बूट काढायचे ते फक्त आत बसून प्रार्थना करायची असेल तर, आणि तिथं तशी जागा असते. हंड्याचा विधी करायचा असेल तर म्हणूनच पटकन निघणारे बूट आणि धड मोजे हवेत. अनवाणी नको, नोव्हेंबरच्या सकाळी लाकडी जमीन बर्फासारखी गार असते.

नारळ, हार, उदबत्ती काही नेऊ नका. अन्नाचा नैवेद्य पुजारी दाखवतात: तांदूळ, साके (तांदळाचं मद्य), मीठ, पाणी, मासे, भाज्या. मे आणि ऑक्टोबरमधल्या मोठ्या उत्सवांत किबित्सुला ७५ तबकांचा नैवेद्य मिरवणुकीनं येतो. भाविकाकडून नाणं आणि नमस्कार. प्रसाद हातावर मिळत नाही, तीर्थ नाही, प्रदक्षिणाही नाही.

आणि मूर्ती दिसणार नाही. आईंना हे आधीच सांगा, नाहीतर त्या गाभारा शोधत राहतील. देवाचं अधिष्ठान असलेली वस्तू, बहुतेक ठिकाणी आरसा किंवा तलवार, आत बंद दारांमागे असते आणि पुजाऱ्यांनाही ती बघायची नसते. आपण दर्शन घ्यायला जातो. तिथं देवासमोर हजेरी लावायची. गाभाऱ्यात डोकावण्यासाठी कठड्यावरून वाकणं, मान उंच करून फोटो काढणं हेच तिथं सगळ्यात जास्त खटकतं.

दोर वळून केलेले जाड शिमेनावा आणि त्यांना लटकवलेले कागदी वळसे यांना हात लावू नये. उंबऱ्यावर पाय देऊ नये, ही शिकवण तर आपल्या घरातलीच.

---

वेताळटेकडी यांचा प्रतिसाद:

हंड्याच्या विधीबद्दल लिहितो, कारण इंटरनेटवर त्याचं वर्णन 'भविष्य सांगणारा हंडा' असं येतं आणि त्यानं लोक भलत्याच अपेक्षेनं जातात.

आधी कथा, ती माहीत नसेल तर विधी कळत नाही. देव किबित्सुहिको हा राजपुत्र. उरा नावाच्या दैत्यासारख्या सरदाराचा बंदोबस्त करायला तो आला. उरा डोंगरावरच्या किल्ल्यावरून दगड फेके, राजपुत्राचा बाण आणि तो दगड हवेत एकमेकांवर आदळून खाली पडत. मग राजपुत्रानं एकदम दोन बाण सोडले. एक दगडावर आदळला, दुसरा उराच्या डोळ्यात घुसला. उरा माशाचं रूप घेऊन रक्ताच्या नदीतून पळाला, राजपुत्रानं पाणकावळा होऊन त्याला पकडलं. पायथ्याचा तो दगड याच बाणांचा. (पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोची जपानी बालकथा याच दंतकथेतून आली असं ओकायामाकर मानतात, म्हणून गाडीचंही नाव मोमोतारो.) उराचं डोकं कापून टांगलं तरी ते ओरडत राहिलं, जमिनीत पुरलं तरी १३ वर्षं ओरडत राहिलं. शेवटी उरा राजपुत्राच्या स्वप्नात आला: माझ्या बायकोला, आझोच्या कन्येला, तुझ्या नैवेद्याच्या चुलीवर स्वयंपाक करू दे, मग मी हंड्याच्या आवाजातून शुभ-अशुभ कळवीन. ज्या चुलीखाली ते डोकं पुरलंय असं मानतात ती ओकामादेन या इमारतीत आहे. हरलेल्या शत्रूलाच देवाच्या चुलीची सेवा आणि आवाज दिला, हे या देवस्थानाचं वेगळेपण आहे आणि ते समजून गेलात तर त्या काळोख्या खोलीत उभं राहण्याला अर्थ येतो.

आता व्यवहार. विधीचं नाव नारुकामा शिंजी. कुणालाही करता येतो, परदेशी असण्याची अडचण नाही. शुक्रवारी होत नाही. वर्षातले आणखी काही ठरावीक दिवसही बंद असतो, म्हणून देवस्थानाच्या सूचना आदल्या दिवशी बघून घ्या. नोंदणी सकाळपासून असते आणि दुपारी लवकर संपते. दहाच्या आत पोचलात तर निवांत होईल. प्रार्थनेच्या नोंदणीच्या खिडकीवर जाऊन 'नारुकामा शिंजी ओ ओनेगाइ शिमासु' म्हणायचं. अर्जावर नाव, पत्ता आणि प्रार्थना कशासाठी ते लिहायचं असतं: घरच्यांचं आरोग्य, प्रवास सुखरूप, नवं काम. नाव जपानी लिपीत, काताकानात, आधीच लिहून न्या, कारण पुजारी प्रार्थनेत ते मोठ्यानं वाचतात. पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत की ओळखीतलं कुणीतरी पाच मिनिटांत लिहून देईल. दक्षिणा खिडकीपाशी लिहिलेली असते आणि ती रोख द्यायची. नोटा कोऱ्या करकरीत असाव्यात, चुरगळलेल्या देणं तिथं बरं दिसत नाही.

आधी मुख्य देवळाकडे प्रार्थना होते. खाली बसावं लागतं, बाबांसाठी 'इसु वा अरिमासु का' विचारा, खुर्ची आहे का असा त्याचा अर्थ. पुजारी कागदी झालर लावलेली काठी डोक्यावरून फिरवतात तेव्हा मान खाली घालायची. एखाद वेळी साकाकी या पवित्र मानलेल्या झाडाची हिरवी फांदी हातात देतात. उजव्या हातानं देठ वरून धरा, डाव्या हातानं पानांना खालून आधार द्या, समोर जाऊन ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, देठ देवाकडे येईल अशी ठेवा आणि मग दोन-दोन-एक.

त्यानंतर लांब मार्गिकेतून ओकामादेनकडे. ही इमारत १६१२ साली उभारलेली, आतून धुरानं काळीभोर. चुलीवर लोखंडी हंडा, त्यावर लाकडी वाफाळं (आपण मोदकाला मोदकपात्र ठेवतो तशी रचना, फक्त आकारानं कितीतरी मोठी). आझो गावच्या परंपरेतली स्त्री, आझोमे, चुलीशी असते आणि पुजारी समोर मंत्र म्हणतात. खालचं पाणी उकळलेलं असतं. ती वाफाळ्यात भांड्यातले हातसडीसारखे तपकिरी तांदूळ टाकून हलवते आणि तेवढ्यात आवाज सुरू होतो: खोल, लांबलेला, बैलाच्या हंबरण्यासारखा. मंत्र संपत येतात तसा तोही विरतो.

भौतिकशास्त्रात याचं कारण असं सांगतात: खालून गरम वाफ, वर थंड तांदूळ, या तापमानातल्या फरकामुळे वाफाळ्यातली हवा नळीत थरथरावी तशी थरथरते आणि घुमते. पाणी पुरेसं तापलेलं नसेल किंवा तांदूळ आधीच गरम झाले तर घुमणारच नाही, म्हणजे आझोमेचं कसब मोठं.

आणि आता मुख्य मुद्दा. आवाज शुभ की अशुभ, हे तिथं कुणीही सांगत नाही. पुजारी सांगत नाहीत, आझोमे सांगत नाही. मोठा, भरीव आवाज चांगला मानायची परंपरा आहे, पण ऐकून काय वाटलं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. 'कसा होता, चांगला ना?' असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही आणि त्यांना अवघड वाटेल. विधी चालू असताना फोटो, चित्रीकरण काही नाही.

---

सिंहगडरोड_सकाळ यांचा प्रतिसाद:

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारचं माहीत नव्हतं. आमचा दिवस नेमका शुक्रवारच येत होता, आता कोराकुएन शुक्रवारी आणि देऊळ गुरुवारी असं उलटं करतो.

दोन शंका. घरात ऑक्टोबरमध्ये मोठ्या मावशी गेल्या. सुतक संपलंय, पण जपानमध्ये पन्नास दिवस देवळात जात नाहीत असं एका ठिकाणी वाचलं आणि आई तेव्हापासून साशंक आहे. दुसरं, गोशुइन आणि ताईत कुठे, कसे घ्यायचे?

---

निहोंगो_कोथरूड यांचा प्रतिसाद:

मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं.

पन्नास दिवसांचं खरं आहे. शिंतोमध्ये मृत्यूची अशुद्धी मानतात, तिला केगारे म्हणतात, आणि जवळच्या नात्यात सर्वसाधारण मुदत ५० दिवस धरतात. दूरच्या नात्याला कमी. तेवढ्या काळात तोरीईखालून जायचं टाळतात. मृत्यूला तिथं पाप मानत नाहीत. 'के' म्हणजे रोजची जीवनशक्ती, ती दुःखानं ओसरलेली असते, ती भरून येईपर्यंत घरी थांबायचं, असाही त्या शब्दाचा अर्थ लावतात. आपल्या सुतकाशी याचं नातं आईंना लगेच कळेल. परदेशी पाहुण्यांना कुणी विचारत नाही आणि अडवत नाही. वेगळ्या घरात राहणाऱ्या नातेवाइकांच्या बाबतीत तिथंही नियम सैल आहेत. तरीही आईंच्या मनात किंतु राहिला तर नोंदणीच्या खिडकीवर आधी सांगा. शुद्धीची प्रार्थना करून मग पुढे नेण्याची सोय देवळांत असते. मनात शंका ठेवून आत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गोशुइन म्हणजे देवस्थानाचा लाल शिक्का आणि त्यावर शाईनं लिहिलेलं नाव व तारीख. आधी नमस्कार, मग गोशुइन, हा क्रम पाळा. त्यासाठी घडीची खास वही मिळते, गोशुइनचो. साध्या डायरीत किंवा पासपोर्टवर मागू नका, नम्रपणे नकार मिळतो. वहीचं हवं ते पान उघडून, वेष्टण काढून द्यायची आणि 'गोशुइन ओ ओनेगाइ शिमासु' म्हणायचं. सध्या बहुतेक ठिकाणी ३०० ते ५०० येन, सुटे द्यावेत. लिहिताना हात हलला तर पान वाया जातं, म्हणून त्या वेळी बोलू नये. लिहिणारं कुणी नसेल तर आधीच लिहिलेला कागद मिळतो, तो पुढे वहीत चिकटवतात. नुकतंच लिहिलेलं पान ओलं असतं, मधे दिलेला टिपकागद तसाच राहू द्या. क्योतोत बौद्ध मंदिरांचेही शिक्के घेणार असाल तर दोन वह्या ठेवा. एकत्र वहीत लिहायला क्वचित नकार देतात.

ताईत, म्हणजे ओमामोरी, त्याची पिशवी उघडून बघायची नसते. वर्षभरानं जुना ताईत देवळात परत देण्याची रीत आहे. पुण्याहून तेवढ्यासाठी कोण जाणार, म्हणून तो आदरानं देवघरात ठेवला तरी चालेल. ओमिकुजीची, म्हणजे शकुनाची, चिठ्ठी चांगली निघाली तर जवळ ठेवा, वाईट निघाली तर तिथल्या तारांवर किंवा चौकटीवर बांधा, झाडांच्या फांद्यांवर नको, त्यानं झाडं दुखावतात. मागणं लिहायच्या एमा नावाच्या लाकडी पाटीवर मराठीत लिहिलंत तरी हरकत नाही.

१५ नोव्हेंबरच्या आसपास शिचि-गो-सान असतो: तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांना किमोनो नेसवून देवाला आणतात. शनिवार-रविवारी गर्दी असेल. मुलं फार गोड दिसतात पण विचारल्याशिवाय फोटो काढू नका. 'शाशिन ओ तोत्तेमो ई देसु का' एवढं पुरतं.

---

जुनं_लाकूड यांचा प्रतिसाद:

वास्तूबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि किबित्सुला गेलेली माणसं नेमकी तीच न बघता परततात, म्हणून हे.

आताचं मुख्य देऊळ आणि जोडलेलं प्रार्थनागृह १४२५ साली पूर्ण झालं. दोन्ही मिळून राष्ट्रीय ठेवा आहे. समोरून नाणं टाकून वळलात तर त्यातलं काही दिसत नाही. बाजूला जा. बाजूनं पाहिलं की छपराला एकामागे एक अशी दोन त्रिकोणी तोंडं दिसतात, पक्ष्यानं पंख जुळवावेत तशी. एवढ्या मोठ्या देवळाला ही रचना दुसरीकडे नाही, म्हणून तिला किबित्सुच्याच नावानं ओळखतात. खाली पाहा: देऊळ पांढऱ्या चुन्यानं लिंपलेल्या, कासवाच्या पोटासारख्या फुगीर जोत्यावर उभं आहे. आतली जमीन बाहेरून मधे जाताना टप्प्याटप्प्यानं उंच होत जाते, ते बाहेरून दिसत नाही पण कल्पना असावी.

छप्पर हिनोकी या झाडाच्या सालीचं, त्याला हिवादा म्हणतात. जिवंत झाडाची बाहेरची साल काढतात, आतला थर न दुखावता; झाड मरत नाही आणि साधारण दहा वर्षांनी पुन्हा साल देतं. पातळ पट्ट्या एकावर एक रचून बांबूच्या खिळ्यांनी ठोकतात. असं छप्पर तीस-चाळीस वर्षं टिकतं, मग बदलावं लागतं. म्हणजे सहाशे वर्षांची वास्तू खरी, पण छप्पर प्रत्येक पिढीनं नव्यानं घातलेलं.

मार्गिका साडेतीनशे मीटरच्या वर लांब आहे आणि ती जमीन सपाट न करता डोंगराच्या उताराप्रमाणेच वर-खाली जाते. वरच्या टोकाला उभं राहून खाली पाहिलं की खांबांची रांग वळत लहान होत जाताना दिसते. सकाळी उन्हाचे पट्टे पडतात तेव्हा ती सगळ्यात छान. वाटेत दक्षिणेचा दरवाजा लागतो, तो १३५७ सालचा, म्हणजे मुख्य देवळापेक्षाही जुना. लोक त्याच्याखालून मान खाली घालून निघून जातात. ओकामादेनकडे मार्गिकेतूनच वळायचं आहे, तेव्हा बाबांना पायऱ्या चुकवून हा उतार सोयीचा पडेल. पावसात मात्र लाकूड आणि दगड निसरडे होतात.

वेळ उरलाच तर किबित्सुहिको जिंजा डोंगराच्या कडेनं पायी अर्ध्या तासावर. बाबांसाठी ते जास्त होईल, त्यापेक्षा गाडीनं एक स्टेशन मागे या. तिथलं मुख्य देऊळ १६९७ सालचं आणि तोंड असं की २१ जूनच्या सुमारास उगवता सूर्य थेट समोरून येतो.

---

लकडीपूल यांचा प्रतिसाद:

जेवणाचं राहिलं होतं. किबित्सु स्टेशनजवळ शाकाहारी जेवण मिळेल असं धरून चालू नका. उदोनच्या (जाड नूडल्सच्या) नुसत्या पाण्यातसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, भाज्या घातल्यात म्हणून ते शाकाहारी होत नाही. ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यात) उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, निवडा, पण वेष्टणावर 'कात्सुओ' (एक मासा) आहे का ते फोनच्या भाषांतरातून बघून घ्या. पुण्याहून दशम्या, ठेपले, शेंगदाण्याची चटणी नेली तर उत्तम. देवळाच्या आवारात किंवा चालता चालता खाऊ नका, आणि कचऱ्याच्या पेट्या सापडत नाहीत, एक पिशवी जवळ ठेवा. ओकायामाची किबी-दांगो ही मऊ गोड गोळी साधारणपणे चिकट तांदूळ, साखर आणि थोडं किबी यांची असते. किबी म्हणजे आपल्या वरीच्या जातीचं भरड धान्य. आईबाबांना चालेल. चवींचे नवे प्रकार घेताना घटक वाचा.

अवांतर: त्याच लाइनवर पुढचं स्टेशन बिच्चू-ताकामात्सु. तिथली २७.५ मीटर उंचीची प्रचंड तोरीई गाडीतून दिसली तर ती शिंतो देवळाची समजू नका. ती साइजो इनारीची, आणि साइजो इनारी हे निचिरेन पंथाचं बौद्ध मंदिर आहे. १८६८ नंतर सरकारनं शिंतो आणि बौद्ध देवस्थानं वेगळी केली, त्याआधी दोन्ही शतकानुशतकं एकत्र नांदत होती. त्यातली ही उरलेली खूण. टाळ्या तिथं नाहीत.

---

शनवारकर यांचा प्रतिसाद:

टाळ्यांवरून आठवलं. हिरोशिमाऐवजी कधी इझुमोला गेलात (ओकायामाहून याकुमो नावाची गाडी तिकडे थेट जाते, तीन तासांच्या आसपास) तर तिथल्या मोठ्या शिंतो देवळात दोन नाही, चार टाळ्या. किबित्सुला मात्र दोनच. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा जिंजातही दोन.

---

सिंहगडरोड_सकाळ यांचा प्रतिसाद:

गुरुवारी सकाळी आठच्या आसपासची गाडी धरतो, म्हणजे नोंदणी उघडताना पोचू. नावं काताकानात लिहून घेतली. आईनं स्वयंपाकघरातल्या पळीनं हात धुण्याचा क्रम कालपासून चालवलाय. तिला फक्त एक विचारायचं आहे, डावखुऱ्या माणसानं पळी कुठल्या हातात घ्यायची?

---

निहोंगो_कोथरूड यांचा प्रतिसाद:

उजव्याच हातात. रीत सगळ्यांना सारखी आहे, पहिलं पाणी डाव्या हाताला. पण क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, रांग अडते. आहे तिथून पुढे चालू ठेवा आणि पळी उभी धरून दांडा धुवायला विसरू नका.